चौदा इंजेक्शने आणि मज्जातंतूंचे वेष्टन



यवतमाळ जिल्ह्यातील मुकुटबनच्या, किंवा तुमच्याच गावच्या, एखाद्या आजोबांना विचारून पाहा, "कुत्रा चावला तर काय करायचे?" बहुधा ते पोटावर हात ठेवून म्हणतील, "बापरे! बेंबीभोवती चौदा इंजेक्शने!" एखादे आजोबा असेही सांगतील, की त्या लशीने क्वचित कुणाला लकवा होई. ही निव्वळ अफवा होती का? नाही. तिच्यामागे खरे कारण होते. ते समजले, की आजच्या एका प्रश्नाचे उत्तर सोपे होते. मल्टिपल स्क्लेरॉसिस हा मज्जातंतूंचा विकार असलेल्यांनी लस घ्यावी की घेऊ नये?

तारेवरचे वेष्टन

मुकुटबनच्या सिमेंट कारखान्यातली जाड केबल असो, की शेतातल्या पंपाची वायर असो, तिच्यावर रबराचे किंवा प्लॅस्टिकचे वेष्टन असते. आपल्या अनेक मज्जातंतूंवरही असेच एक वेष्टन असते. ते मेद आणि प्रथिने यांचे बनलेले असते. त्याला मायलिन म्हणतात. त्यामुळे मेंदूचे संदेश वेगाने आणि बिनचूक पोहोचतात.

शरीराची प्रतिकारशक्ती म्हणजे गावचा जागल्या. परके जंतू दिसले, की ती त्यांच्यावर तुटून पडते. मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्ये मात्र हा जागल्या घरच्याच माणसाला चोर समजतो आणि मायलिनवर हल्ला चढवतो. मग एका डोळ्याने अंधूक दिसते, हातापायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो. हा रोग बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान सुरू होतो. तो संसर्गजन्य नाही.

मेंढीच्या मेंदूतली लस

लुई पाश्चर यांनी १८८५ साली जोसेफ माइस्टर या मुलाला रेबीजची लस प्रथम टोचली. पुढे डेव्हिड सेंपल यांनी १९११ च्या सुमारास हिमालयातील कसौली येथे लस बनवण्याची सोपी रीत काढली. मेंढीच्या मेंदूत रेबीजचे विषाणू वाढवायचे आणि फिनॉलने ते मारायचे. ही लस स्वस्त होती. तिने असंख्य प्राण वाचवले.

पण विषाणूंबरोबर मेंढीच्या मेंदूचे कणही शरीरात जात, आणि त्यांत मायलिन असे! न्यूयॉर्कमध्ये टॉमस रिव्हर्स यांनी १९३० नंतरच्या दशकात माकडांना सशांच्या निरोगी मेंदूचा अर्क वारंवार टोचला. काही माकडांना लकवा झाला. अर्कात रेबीजचा विषाणू नव्हताच. मग दोष मेंदूच्या ऊतींचाच असणार. थायलंडमध्ये अशी लस घेऊन आजारी पडलेल्यांची तपासणी झाली. त्यांच्या शरीरात मायलिनमधील एका प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे आढळली. हे संशोधन १९८७ साली प्रसिद्ध झाले. मेंढीचे मायलिन ओळखायला शिकलेला जागल्या माणसाच्या मायलिनवरही धावून जात होता.

तरीही त्या काळी ती लस देणे योग्यच होते. लकवा क्वचित होई. पण रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही.

कारण सापडले, तसा उपायही सापडला. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत विषाणू वाढवून नवी लस तयार झाली. तिच्यात मेंदूचा अंश नसतो. भारतात मेंढीच्या मेंदूच्या लशीचे उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबले. आता लस दंडात चार-पाच वेळा टोचली, की काम भागते.

कावळा बसला आणि फांदी तुटली

१९९८ साली फ्रान्समध्ये नवी शंका निघाली. कावीळ-बी ची लस घेतल्यावर काही जणांना मल्टिपल स्क्लेरॉसिस झाल्याचे आढळले. तेथील सरकारने शाळांतली लसीकरण मोहीम थांबवली. पण लाखो तरुणांना लस दिली, तर त्यांतल्या काहींना तो रोग लस न घेताही झालाच असता. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, एवढ्यावरून फांदी कावळ्याने तोडली असे ठरत नाही. मग ठरवायचे कसे? मोजून!

शास्त्रज्ञांनी मोजले. रोग पुन्हा उसळलेल्या युरोपातील ६४३ रुग्णांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. धनुर्वात, कावीळ-बी, फ्लू अशा लशी घेतल्यानंतरच्या दोन महिन्यांत रोग उसळण्याचे प्रमाण वाढलेले नव्हते. उलट, खरा जंतुसंसर्ग झाला तर रोग उसळू शकतो.

ताप आणि मे महिना

मग लस घेतल्यावर काही रुग्णांना त्रास का वाढल्यासारखा वाटतो? विदर्भातला मे महिना आठवा. वेष्टन गेलेला मज्जातंतू तापला, की संदेश नीट वाहून नेत नाही. म्हणून कडक उन्हात जुनी लक्षणे पुन्हा डोके वर काढतात. लशीने ताप आला तरी तेच घडते. ताप उतरला, की लक्षणे ओसरतात. हा नवा हल्ला नव्हे. मात्र ताप नसताना त्रास चोवीस तासांहून अधिक टिकला, तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.

एक सावधगिरी मात्र खरी आहे. या रोगावरची काही औषधे प्रतिकारशक्ती कमी करतात. ती चालू असताना गोवर, कांजिण्या यांसारख्या जिवंत पण दुबळ्या केलेल्या जंतूंच्या लशी सहसा देत नाहीत. म्हणून आवश्यक लशी शक्यतो औषधे सुरू करण्यापूर्वी घ्याव्यात, आणि प्रत्येक वेळी आपली औषधे डॉक्टरांना सांगावीत. रेबीजच्या लशीत जिवंत विषाणू नसतो. त्यामुळे कुत्रा चावला, तर अशा रुग्णानेही ती लस टाळू नये.

आणि तुम्हाला कुत्रा चावला तर? जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच आरोग्य केंद्र गाठा. आजोबांनाही आवर्जून सांगा: त्यांच्या भीतीचे कारण खरे होते, पण शास्त्रज्ञांनी ते शोधले, आणि लशीतून काढूनही टाकले.