टॅब्लेट : गोळीची आणि पाटीची

आपल्या व्यवसायात 'टॅब्लेट' या शब्दाला एकच अर्थ आहे, आणि ती बहुधा जेवणानंतर घ्यावयाची असते. गेली काही वर्षे मात्र माझ्या टेबलावर दुसऱ्या जातीची एक टॅब्लेट येऊन बसली आहे. काळी, सपाट, वहीएवढी. संगणकाला तारेने जोडलेली, आणि सोबतीला एक बिनशाईचे पेन. रात्री दवाखाना बंद झाल्यावर अर्धा-पाऊण तास मी तिच्यावर चार-सहा चौकटींची चित्रकथा काढतो. इंटरनेटवरून आणि मोबाइलवरून वाचल्या जाणाऱ्या अशा चित्रकथेस 'वेबकॉमिक' म्हणतात. समव्यावसायिक स्नेही नेहमी विचारतात की, यासाठी साहित्य कोणते घ्यावे आणि वेळ कोठून आणावा? स्मरणिकेच्या निमित्ताने दोन्ही प्रश्नांविषयी चार शब्द लिहीत आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की आपला सीमाभाग रेषेच्या बाबतीत मुळीच दरिद्री नाही. मराठी व्यंगचित्रकलेतील अग्रगण्य नाव शि. द. फडणीस यांचा जन्म २९ जुलै १९२५ रोजी निपाणीजवळच्या भोज या गावी झाला. विख्यात चित्रकार रवी परांजपे हे १९३५ साली बेळगावात जन्मले आणि के. बी. कुलकर्णी यांच्या हाताखाली शिकले. शेजारच्या कोल्हापुरात जन्मलेले वसंत सरवटे तर व्यवसायाने अभियंता. सिमेंट कंपनीतील नोकरी सांभाळून त्यांनी आयुष्यभर चित्रे काढली. 'आम्हाला वेळ कोठे?' असे म्हणणाऱ्या डॉक्टरांना मी सरवट्यांचे नाव सांगतो आणि गप्प बसतो.

फडणीसांचा विशेष असा की त्यांच्या बहुतेक चित्रांना शब्दांची गरजच पडत नाही. 'मोहिनी'च्या १९५२ सालच्या मुखपृष्ठावर त्यांनी एकाच्या वस्त्रावर मांजरे आणि दुसऱ्याच्या वस्त्रावर उंदीर काढले. खाली ओळ नाही, खुलासा नाही, आणि तरीही चित्र पाहणारा हसतो. हा गुण आपल्या भागात केवळ करमणुकीचा नाही. दवाखान्याच्या बाकावर तंबाखूच्या वखारीत राबणारी मावशी मराठी बोलते, तिच्या शेजारचा शेतकरी कन्नड, आणि पलीकडच्या आजीबाई दखनी उर्दू. तिघांपैकी एखाद्याला कोणतीच लिपी वाचता येत नाही. मशेरीने तोंडात पडलेला पांढरा चट्टा दुखत नाही म्हणून तो निरुपद्रवी नव्हे, ही गोष्ट तिघांनाही सारखीच समजली पाहिजे. मी छापील पत्रके वाटून पाहिली आहेत. त्यांच्या पुड्या होतात. चार चौकटींचे चित्र मात्र लोक उलटसुलट करून पाहतात आणि शेजाऱ्याला दाखवतात.

डॉक्टर आणि चित्र यांचे नाते जुनेच आहे. १८५८ साली प्रसिद्ध झालेल्या 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी'तील चित्रे काढणारा हेन्री व्हॅनडाइक कार्टर त्याच वर्षी मुंबईस आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवू लागला आणि पुढे साताऱ्यास सिव्हिल सर्जन झाला. 'मायसेटोमा' या पायाच्या बुरशीजन्य रोगावरील त्याचा ग्रंथ १८७४ सालचा. त्याच्या आकृत्यांत स्नायूचे किंवा रोहिणीचे नाव त्या अवयवावरच लिहिलेले असते. बाण काढून तळटीपेकडे धाडण्याचा खटाटोप नाही. चित्रकथा काढणाऱ्याने हा धडा जरूर घ्यावा. जपानी चित्रकथेचा महागुरू ओसामू तेझुका हाही वैद्यकीय पदवीधर. त्याची 'ब्लॅक जॅक' ही शल्यविशारदाची मालिका १९७३ पासून सुरू झाली. इयन विल्यम्स या ब्रिटिश डॉक्टरने २००७ साली 'ग्राफिक मेडिसिन' ही संज्ञा रूढ केली, आणि आता हा स्वतंत्र अभ्यासविषय झाला आहे.

आता साधनांकडे वळू. टॅब्लेट दोन प्रकारच्या असतात : पडदा असलेल्या आणि पडदा नसलेल्या. नवशिक्याने बिनपडद्याची, मध्यम आकाराची घ्यावी. ती पुष्कळच स्वस्त पडते. तिच्यावर हात एकीकडे आणि नजर समोरच्या पडद्यावर, अशी कसरत करावी लागते, आणि येथेच बहुतेक जण आठवड्याभरात कंटाळून तिला कपाटात टाकतात. आपल्यातील दुर्बिणीने शस्त्रक्रिया करणाऱ्या मंडळींना ही तक्रार करण्याचा अधिकार नाही. हात पोटात आणि डोळे मॉनिटरवर ठेवून ते पित्ताशय काढतातच की! पंधरा दिवस रोज वर्तुळे आणि समांतर रेघा काढल्या की मेंदू जुळवून घेतो. मात्र टॅब्लेटच्या कामाच्या क्षेत्राचे प्रमाण पडद्याच्या प्रमाणाशी जुळवून घ्यावे, नाहीतर काढलेले वर्तुळ अंडाकृती उमटते.

पेनावर दिलेला दाब रेषेची जाडी ठरवतो. उत्तम पेनांत बॅटरीही नसते. विद्युतचुंबकीय अनुनादाने त्यांना पाटीकडूनच शक्ती मिळते. खोक्यावर 'दाबाच्या ८१९२ पातळ्या' असे अभिमानाने छापलेले असते. माझ्या मते हा आकडा रक्तदाब दशांश चिन्हापर्यंत लिहिण्यासारखा आहे. त्यापेक्षा आज्ञावलीतील दाबाचा आलेख आपल्या हातास अनुरूप करून घेणे अधिक मोलाचे. हात जड असेल तर आलेख सौम्य करावा. मनगटाचे आणि अंगठ्याचे स्नायुबंध वाचतात. लांब रेषा मनगटातून न काढता खांद्यातून काढावी.

आज्ञावलीवर पैसे खर्च करण्याचे कारण नाही. चित्रासाठी 'क्रिता' आणि अक्षरांसाठी 'इंकस्केप' या दोन्ही विनामूल्य आहेत. कच्चे रेखाटन, पक्की रेषा, रंग आणि अक्षरे असे चार थर वेगळे ठेवावेत. कागद ए-४ आकाराचा, ३०० डीपीआय, म्हणजे २४८० गुणिले ३५०८ पिक्सेलचा घ्यावा. पडद्यासाठी लहान प्रत केव्हाही काढता येते, लहानाचे मोठे करता येत नाही.

देवनागरीचा प्रश्न थोडा बिकट आहे. इंग्रजी चित्रकथेच्या फुग्यात आपले वाक्य तसेच बसवले की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. म्हणून ओळींतील अंतर सढळ ठेवावे आणि फुगा अक्षरे लिहून झाल्यावर काढावा. काही आज्ञावल्या जोडाक्षरे मोडतात. काही फॉन्टांत 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे असतात. 'दऱ्याखोऱ्या' हा शब्द टाइप करून पाहावा. तो नीट उमटला तर फॉन्ट मराठीस लायक समजावा. 'एक टाइप' या मुंबईच्या संस्थेचे 'मुक्ता' आणि 'बालू' हे फॉन्ट खुल्या परवान्याखाली मिळतात.

परंतु ही सारी सामग्री असूनही हात चालत नसेल, तर दोष पाटीचा नसतो. रेखाटन ही रियाजाची बाब आहे. माझ्या खिशात प्रिस्क्रिप्शन पॅडपेक्षा लहान अशी कोऱ्या पानांची एक वही असते. दोन रुग्णांमधली तीन मिनिटे, निपाणी स्थानकावर बसची वाट पाहताना मिळालेली दहा मिनिटे, लग्नातील जेवणाच्या पंगतीपूर्वीचा अर्धा तास, एवढे भांडवल पुरते. नियम दोनच : खोडरबर वापरायचे नाही आणि माणूस तीस सेकंदांत पुरा करायचा. तीस सेकंदांत नाकडोळे काढता येत नाहीत. कण्याचा बाक, खांद्याचा उतार आणि पायांवरील भार एवढेच हाती लागते. पण दम्याचा रुग्ण टेबलावर दोन्ही हात टेकून पुढे झुकलेला असतो, हे त्याच तीन रेषांत दिसते. आपण रुग्ण दारातून आत येताच त्याची चाल पाहतो, ती नजर येथे फुकट वापरता येते. हात काढणे सर्वांत कठीण. तंबाखूची पाने निवडून राठ झालेली बोटे काढण्यात माझा एक अख्खा पावसाळा गेला आणि अद्यापही ती मनासारखी जमलेली नाहीत.

एक पथ्य कटाक्षाने पाळावे. रुग्णाचा ओळखू येईल असा चेहरा, त्याची नेमकी हकीकत किंवा त्याच्या गावाचे नाव चित्रकथेत येता कामा नये. लहान गावात तर नुसत्या पटक्यावरूनही माणूस ओळखला जातो. मी एकाची चाल, दुसऱ्याचे कपडे आणि तिसऱ्याचा आजार अशी मोडतोड करूनच पात्र उभे करतो.

बहुतेक वाचक चित्रकथा मोबाइलवर उभ्या पडद्यात पाहतात, म्हणून चौकटी एकाखाली एक रचाव्यात. व्हॉट्सअ‍ॅप चित्र दाबून पाठवते आणि बारीक अक्षरे धुरकटतात. तेव्हा अक्षरे मोठी ठेवावीत किंवा चित्र 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे. अक्षरांचा थर वेगळा ठेवण्याचा खरा लाभ आपल्याच भागात कळतो. मशेरीवरच्या माझ्या चित्रकथेचा मराठी थर बंद करून एका कन्नडभाषक स्नेह्याने त्यावर कन्नड संवाद लिहून दिले, आणि तिसऱ्या प्रतीत आम्ही दोघांनी मिळून सगळेच शब्द काढून टाकले. सध्या दवाखान्याच्या भिंतीवर ती तिसरी प्रत लावली आहे.