कंसमामांचा उपद्व्याप

कंस म्हटला की आपल्याला कृष्णाचा मामा आठवतो. संगणकासाठी आज्ञावली लिहिणाऱ्यांना मात्र गणितातला कंस आठवतो. छळण्यात हाही मथुरेच्या मामाला हार जाणारा नव्हे! उघडलेला प्रत्येक कंस मिटलाच पाहिजे; एक राहिला की संगणक अडून बसतो.

या जोड्या जुळवायची सोय लिहिण्याच्या ‘एडिटर’मध्येच असते. तिची रीत स्वयंपाकघरातल्या उतरंडीसारखी. उघडता कंस आला की वर चढवायचा, मिटता आला की सर्वांत वरचा उतरवायचा. अखेर उतरंड रिकामी झाली, तर हिशेब जुळला. पण अवतरणचिन्हांत नुसते अक्षर म्हणून आलेला कंसही एडिटरने मोजला, की जोड्या चुकू शकतात.

रंगांचेही तेच. शब्द, आकडे, टिपा यांचे निरनिराळे रंग पुष्कळ एडिटर ओळीओळीने, ठराविक साचे लावून ठरवतात. साचा कुठे फसला, की खालचा मजकूर भलत्याच रंगात न्हाऊन निघतो. गंमत अशी, की संगणक हे रंग पाहतच नाही! बिनचूक आज्ञावली चुकीची भासते आणि नसलेला दोष शोधण्यात दिवस जातो.

उलटही घडते. २०२१ साली केंब्रिज विद्यापीठातील निकोलस बाउचर व रॉस अँडरसन यांनी दाखवून दिले, की मजकुराची दिशा बदलणारी अदृश्य चिन्हे पेरली, तर तपासणाऱ्याला दिसते एक आणि संगणक वाचतो दुसरेच. त्यानंतर काही एडिटरांनी अशी चिन्हे उघडी पाडण्याची सोय केली. मामांवर पहारा बसला खरा; तरी आपले डोळे उघडे असलेले बरे!