कोळ्यावरचे आरोपपत्र

वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला, म्हणजे तो बोनस, महागाई किंवा कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, असे श्रोते गृहीत धरतात. आज आम्ही आठ पायांच्या एका प्राण्याविषयी चार शब्द सांगणार आहोत. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु म्हणणे ऐकून न घेता ज्याला शिक्षा होते, त्याची बाजू पाहणे हा आमचा धंदाच आहे.

प्रसंग माटुंग्याचा. गेल्या पावसाळ्यात आमच्या कचेरीत रात्री बैठक चालू होती. वेतनकराराचा मसुदा टेबलावर होता. एवढ्यात कपाटामागून तळहाताएवढा तपकिरी कोळी निघाला आणि भिंतीच्या मधोमध येऊन थांबला. आमच्यातले एक ज्येष्ठ फिटर, ज्यांनी लाठीमार सोसला आहे व दोनदा निलंबन पचवले आहे, ते एका क्षणात खुर्चीवर चढले. एका तरुण कार्यकर्त्याने चप्पल उचलली. झाडलोट करणाऱ्या मावशी दारातून म्हणाल्या, "मारू नका हो, झुरळं खातोय तो." आमचे तमिळ सहकारी अण्णा यांनी हात जोडले. आणि एक शिकाऊ मुलगा मोबाइल घेऊन अगदी जवळ गेला व त्याचे डोळे मोजू लागला. कोळी एक, माणसे पाच आणि निकालही पाच! करारावर त्या रात्री एकमत झाले. कोळ्यावर मात्र झाले नाही.

असे का व्हावे? कोळी तर सर्वांना एकच दिसला होता.

प्रथम भिणाऱ्यांचा विचार करू. खुर्चीवर चढलेल्या त्या गृहस्थांना पोरे हसली, हे बरे झाले नाही. ही भीती म्हणजे भित्रेपणा नव्हे. २०१७ साली जर्मनीतील लाइपझिग व स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी सहा महिन्यांच्या तान्ह्या मुलांना कोळी आणि फुले यांची चित्रे दाखवली. फुलांपेक्षा कोळी पाहताना त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या अधिक विस्फारल्या. ज्या मुलाला कोणी 'बागुलबुवा' म्हणून भिववले नाही, त्याचेही शरीर सावध होते. पण इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बाहुली मोठी होणे म्हणजे सावध होणे, भीती नव्हे. ती मुले काही रडली नाहीत. सावधपणा उपजत असावा. त्याची भीती होते ती पुढे, आई किंचाळते, बाप चप्पल फेकतो, हे पाहून. काहींच्या बाबतीत ही भीती इतकी वाढते, की माणूस त्या खोलीत पाऊल टाकू शकत नाही. तो मग आजारच म्हणावा लागतो आणि त्यावर उपायही आहे. आधी चित्र, मग बंद बाटलीतला लहानसा कोळी, मग थोडे जवळ, असे तज्ज्ञाच्या देखरेखीखाली पायरीपायरीने नेले, तर पुष्कळांची भीती ओसरते. चेष्टेने ती कधीच जात नाही.

आता आरोपपत्राकडे वळू. कोळ्यावर मुख्य आरोप तीन आहेत.

पहिला आरोप विषाचा. तो अंशतः खरा आहे. बहुतेक सर्व कोळ्यांना विष असते. भक्ष्य लुळे पाडण्यासाठी ते त्यांना लागते. जगात कोळ्यांच्या ५० हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांपैकी माणसाला गंभीर इजा करू शकतील अशा मूठभरच. ऑस्ट्रेलियातील सिडनी भागात 'फनेल-वेब' नावाचा एक खरोखर घातक कोळी आहे. त्याच्या दंशावर १९८१ साली प्रतिविष निघाले. म्हणजे जिथे धोका होता तिथे तो ओळखून उपाय केला गेला. आमच्या भिंतीवरचा तो तपकिरी कोळी त्या कुळातला नव्हे. चिमटीत धरला तर तो चावेल, दुखेलही. पण आपण होऊन माणसाच्या अंगावर जाण्यात त्याला काही स्वारस्य नसते. एका गुन्हेगारासाठी सबंध वस्तीला हद्दपार करणे जसे अन्यायाचे, तसेच हेही.

दुसरा आरोप आपल्या घराघरांत ऐकू येतो. पावसाळ्यात सकाळी उठल्यावर मानेवर किंवा गालावर लाल, जळजळणारा पट्टा दिसतो. त्यावर बारीक फोड येतात. घरातील वडील मंडळी सांगतात, "कोळी मुतला." इथे आरोपी साफ निर्दोष आहे. अशा जळजळत्या पट्ट्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे पेडेरस नावाचा भुंग्याच्या वर्गातला, नारिंगी-काळ्या रंगाचा लांबट किडा. दिसायला तो मोठ्या मुंगीसारखा. तो रात्री दिव्याकडे येतो. झोपेत मानेवर चिरडला गेला, की त्याच्या शरीरातील दाहक द्रव्य कातडीला लागते. फोड लगेच येत नाहीत, साधारण एक-दोन दिवसांनी येतात. तोवर किडा केव्हाच दिसेनासा झालेला असतो. वर पाहावे तर कोपऱ्यात कोळी बसलेला! कारखान्यात मालाची नासाडी होते रात्रपाळीला आणि मेमो मिळतो सकाळी यंत्राजवळ जो उभा असेल त्याला, त्यातलाच हा प्रकार. असा किडा अंगावर बसला तर तो चिरडू नये, फुंकरीने उडवावा आणि ती जागा साबणाने धुवावी.

तिसरा आरोप घाणीचा. जळमटे म्हणजे दळिद्र, असे आपण मानतो व दिवाळीपूर्वी लांब झाडू घेऊन त्यांच्यामागे लागतो. जळमटे काढावीत, त्याला आमची हरकत नाही. पण जळमट म्हणजे टाकलेले, धूळ धरलेले जाळे. कोळ्याचे चालू जाळे स्वच्छ असते. त्याच्या पोटात निरनिराळ्या ग्रंथी असतात. त्यांतील प्रथिनाचा द्रव मागच्या बाजूच्या बारीक नळ्यांतून ओढून काढला, की त्याचा घट्ट धागा होतो. बागेत दिसणारे चक्राकार जाळे पाहा. त्याच्या आऱ्यांचा धागा कोरडा आणि फेऱ्यांचा धागा चिकट असतो. असे जाळे विणणारे कित्येक कोळी जुने जाळे खाऊन टाकतात आणि त्याच प्रथिनातून नवे विणतात. कच्च्या मालाची एवढी काटकसर आम्ही कोणत्याही गिरणीत पाहिली नाही.

ज्याच्यावर आरोप ठेवायचे त्याच्या कामाची नोंदही वाचली पाहिजे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजाप्रमाणे जगातील सर्व कोळी मिळून वर्षाला ४० ते ८० कोटी टन भक्ष्य खातात, आणि त्यात बहुतांश किडेच असतात. मावशींनी हा आकडा कधी ऐकला नव्हता. पण त्यांचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. तो तपकिरी कोळी जाळे विणत नाही. रात्री भिंतीवर फिरून झुरळांची शिकार करतो.

आणि अण्णांनी हात का जोडले? माटुंग्यात तीन पिढ्या काढलेल्या त्यांच्या घरात तिरुचिरापल्लीजवळच्या जंबुकेश्वराची कथा सांगतात. तिथे झाडाखालच्या शिवलिंगावर पाचोळा पडू नये म्हणून एक कोळी रोज जाळ्याचे छत विणी. एक हत्ती रोज सोंडेने पाणी आणून लिंगाला स्नान घाली; त्याला ते जाळे म्हणजे घाण वाटे आणि तो ते पुसून टाकी. दोघेही भक्त, दोघांचाही हेतू शुद्ध. पण एकाची सेवा ती दुसऱ्याच्या लेखी घाण! भांडणात दोघेही मेले. तो कोळी पुढच्या जन्मी चोळ राजा झाला आणि त्याने हत्तीला शिरता येणार नाही अशी देवळे बांधली. आम्ही देवभोळे नाही. परंतु आमच्या भिंतीवरचे सारे भांडण या कथेत आधीच सांगून ठेवले आहे, असे आम्हांला वाटते.

दूर परदेशातही असाच दाखला मिळतो. लुईज बूर्ज्वा या शिल्पकर्तीने १९९९ साली नऊ मीटरांहून उंच असा एक कोळी घडवला आणि त्याला नाव दिले 'मामाँ', म्हणजे आई. तिची आई विणलेले जुने गालिचेवजा पडदे दुरुस्त करीत असे. पाहणाऱ्याला ज्याच्या पायांखालून जाताना धडकी भरते, त्यात तिला आपली कष्टाळू, सहनशील आई दिसली.

पण परदेशात कशाला जावे? आपली मराठीच पाहा. या प्राण्याला आपण कोळी म्हणतो आणि कोष्टीही म्हणतो. एक जाळे टाकून पोट भरणारा, दुसरा माग चालवणारा. मुंबईचे मूळ रहिवासी कोळी. आणि या शहराला मोठे केले ते कापड विणणाऱ्या हातांनी. आपल्या पूर्वजांनी या प्राण्याला राक्षसाचे नाव दिले नाही, कामकऱ्याचे दिले. आमचे वडील गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला तेव्हा आम्ही शाळकरी होतो. काही वर्षांनी, गिरणी कायमची बंद झाल्यावर, हिशेबाच्या कागदासाठी त्यांच्याबरोबर आत जाण्याचा योग आला. रांगेने उभ्या असलेल्या साच्यांवर जाळीच जाळी झाली होती. वडिलांनी एका साच्यावर हात ठेवला, जाळे मात्र मोडले नाही. म्हणाले, "कोष्टी अजून कामावर आहे." त्या दिवसापासून कोळी पाहून आम्हांला किळस आली नाही.

शेवटी एक मोठी गोष्ट. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी अतिरेक्याच्या बंदुकीची नळी हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि त्याला जिवंत पकडणे शक्य केले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. २०२१ साली ठाणे परिसरात सापडलेल्या एका नव्या कोळ्याला संशोधकांनी त्यांचे नाव दिले, 'इसियस तुकारामी'. आम्ही ही बातमी कचेरीत वाचून दाखवली तेव्हा चप्पल उचलणारा तो तरुण संतापला. "एवढ्या मोठ्या माणसाचं नाव किड्याला? हा अपमान आहे."

त्याचा राग आम्हांला समजला. तो ओंबळ्यांवरील प्रेमातून आला होता, आणि कोळ्याविषयीच्या तिटकाऱ्यातूनही. आम्ही त्याला दोन गोष्टी सांगितल्या. कोळी हा किडा नव्हे. किड्याला पाय सहा, याला आठ. आणि रस्त्यांच्या पाट्या सत्तेबरोबर बदलतात. पण शास्त्राच्या नियमाप्रमाणे नव्या प्राण्याला रीतसर दिलेले पहिले नाव जगभर तेच राहते. मग त्या शिकाऊ मुलाने भर घातली. हा कोळी उडी मारणाऱ्यांच्या कुळातला. जाळे लावून दबा धरून बसणे या कुळाची रीत नव्हे. समोरच्या दोन मोठ्या डोळ्यांनी तो नीट पाहतो, मागे एक धागा चिकटवतो आणि थेट झेप घेतो. तरुण बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "फोटो आहे का त्याचा?"

आमचे म्हणणे एवढेच. कोळी सर्वांना आवडलाच पाहिजे असे नाही. भीती वाटली तर वाटू द्यावी. पण भीतीला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवू नये. आधी पाहावे, चौकशी करावी, मग निकाल द्यावा. आमच्या कचेरीत आता एक रिकामा डबा व एक पुठ्ठा ठेवलेला असतो. कोळी निघाला की डबा पालथा घालून, खालून पुठ्ठा सरकवून त्याला बाहेरच्या झाडावर सोडतात. ते ज्येष्ठ फिटर अजूनही दाराबाहेर उभे राहतात आणि "गेला का?" म्हणून विचारतात. झाडू मात्र मागत नाहीत.