पूल उचला, बोट येतेय

बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला लिफर्ड नावाचा एक भाग आहे. मुद्दाम वाट वाकडी करून जावं असं तिथे काही नाही. तरी गेली कित्येक वर्षं हे नाव माझ्या डोक्यात घर करून बसलंय, आणि तेही एका पुलापायी. पूल म्हणजे तरी काय, अरुंद कालव्यावरून पलीकडे जायची सोय. पण १९४७ सालच्या मे महिन्यात ग्रेट वेस्टर्न रेल्वेसारख्या बलाढ्य कंपनीला तो जॅक लावून उचलावा लागला, कारण एका लेखकाला त्याखालून आपली राहती बोट न्यायची होती. इंग्लंडच्या कालव्यांवर मी जे जे हाती लागलं ते वाचत गेलो, आणि दर वेळी फिरून या पुलाशीच येऊन थांबलो.

ब्रिजवॉटरचा ड्यूक, त्याचा अभियंता जेम्स ब्रिंडली, कोळसा आणि मँचेस्टर ही कथा वाचकांना ठाऊक असणार, ती मी पुन्हा उगाळत नाही. त्यातली एकच गोष्ट इथे हवी. ट्रेंट अँड मर्सी कालव्याच्या लॉकना, म्हणजे बोटी वर-खाली नेणाऱ्या दारबंद कुंडांना, ब्रिंडलीने सुमारे सात फूट रुंदी धरली. पाणी वाचलं, पैसा वाचला, हेअरकॅसलच्या डोंगरातून २,८८० यार्डांचा बोगदा काढणं आवाक्यात आलं. (तो १७७७ साली खुला झाला. ब्रिंडली त्याआधी पाच वर्षं वारला होता.) शेजारच्या कंपन्यांनी तेच माप उचललं आणि मिडलंड्सची मालवाहतूक त्या सात फुटांत कायमची अडकली. काटकसर म्हणून उत्तम. पण पुढे रेल्वेशी गाठ पडली तेव्हा याच काटकसरीने कालव्यांचा गळा धरला, असं माझं मत आहे. पंचवीस-तीस टनांची बोट मालगाडीपुढे किती टिकणार?

या मापाचा अर्थ टिलर हातात घेतल्यावर कळतो. वॉरिकशरमध्ये राहणाऱ्या भाच्याने लॅपवर्थला भाड्याने बोट घेतली आणि मला मागे उभं केलं. टिलर म्हणजे सुकाणूचा दांडा. तो डावीकडे ढकलला की नाक उजवीकडे जातं, हे डोक्याला पटतं, हाताला पटायला वेळ लागतो. त्यातून बोट वळते ती मध्यावर. पुढचं टोक पुलाखाली नीट शिरलं म्हणून निर्धास्त व्हावं, तर मागचं टोक काठ खरवडत असतं. इंजिनाचा वेग वाढवून काही साधत नाही. उथळ पाण्यात बोट स्वतःच्या खालचंच पाणी मागे फेकते, मागचा भाग खाली बसतो, आणि लाट काठाची माती घेऊन जाते. "मामा, घाई करू नका, पाण्याला वेळ द्या," असं भाचा म्हणाला, आणि त्यापलीकडे शिकवण्यासारखं फारसं नव्हतंच. वेगमर्यादा ताशी चार मैल आहे, पण तेवढा वेग गाठणंही क्वचितच जमतं.

लॉकमध्ये शिरताना दोन्ही बाजूंना जेमतेम बोटभर जागा उरते. आत गेल्यावर मागचं दार लावायचं, दात्यावर चावी बसवून झडप उचलायची, की कुंडातलं पाणी उतरू लागतं. दर खेपेला लाखभर लिटर पाणी वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर जातं. उतरताना धोका असतो तो मागच्या दाराखालच्या उंबऱ्याचा. पाणी भरलेलं असताना तो दिसत नाही. सुकाणू त्यावर टेकलं आणि पाणी उतरत राहिलं, तर बोटीचं ढुंगण वर, नाक खाली, आणि मिनिटाभरात ती बुडते. म्हणून भिंतीवर पांढरी रेघ ओढलेली असते. तिच्या पुढे राहायचं. आपल्या नीरेच्या किंवा मुठेच्या कालव्याला असली भानगड नाही, तिथे पाणी शेताकडे धावत असतं. इथलं पाणी उभं. ते पायऱ्या-पायऱ्यांनी अडवून ठेवलेलं असतं.

लॅपवर्थचा हा कालवा म्हणजे स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन कालवा. किंग्ज नॉर्टनपासून शेक्सपिअरच्या गावापर्यंत पंचवीसेक मैल. काम १७९३ ला सुरू झालं, स्ट्रॅटफर्डला पाणी पोचलं १८१६ ला. पैशांची ओढाताण जागोजागी दिसते, आणि मला या कालव्यात तीच आवडते. पुलाखालून काठची वाट न्यायला जास्त रुंदी लागते, जास्त विटा लागतात. यांनी काय केलं, तर बिडाचे दोन अर्धे पूल दोन काठांवरून पुढे काढले आणि मध्ये बोट ओढणाऱ्या घोड्याचा दोरखंड जाईल एवढी फट ठेवली. घोडा पुलाबाहेरून वळसा घेणार, बोट खालून जाणार, दोर फटीतून. घोडे जाऊन जमाना लोटला, फटी अजून आहेत.

१८५६ मध्ये हा कालवा रेल्वेवाल्यांच्या हाती गेला आणि काही वर्षांतच ग्रेट वेस्टर्नकडे आला. ज्याच्याशी स्पर्धा तोच मालक. पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. गाळ, शेवाळ, गळकी दारं. मात्र रेल्वेला एक गोष्ट करता येत नव्हती. १८७३ च्या रेल्वे कायद्याने सांगून ठेवलं होतं, की कालवा ताब्यात घेतलेल्या कंपनीने तो बोटी जाण्याजोगा ठेवलाच पाहिजे. सत्तर वर्षं हे कलम कुणी फारसं मनावर घेतलं नाही. लिफर्डचा उचलता पूल निकामी झाला तेव्हा कंपनीने त्या जागी न हलणारा पूल बसवून टाकला. बोटी येतायत कुठे?

बोट आली. तिचं नाव क्रेसी, आणि मालक लायोनेल थॉमस कॅस्वॉल रोल्ट, मित्रांचे टॉम. हे शिकाऊ अभियंता म्हणून तयार झालेले, जुन्या मोटारींचे वेडे. १९३९ च्या जुलैमध्ये यांनी अँजेला नावाच्या मुलीशी लग्न केलं आणि बॅनबरीच्या टूली यांच्या बोटीच्या कारखान्यातून संसार पाण्यावर हलवला. त्या उन्हाळ्याच्या प्रवासावरचं पुस्तक 'पेंटेड शिप' या नावाने प्रकाशकांच्या दारी फिरून परत आलं, आणि अखेर १९४४ च्या डिसेंबरात 'नॅरो बोट' म्हणून निघालं. युद्धाने पिचलेल्या वाचकांनी ते उचलून धरलं. पुस्तक सुंदर आहे, आणि थोडं भोळंही: यंत्रयुगावर रागावलेला हा माणूस यंत्राशिवाय जगू शकत नव्हता. युद्धकाळात, १९४१ ते १९४६, क्रेसी टार्डबिगला उभी होती. तिथे तीस लॉकची सलग ओळ आहे, ब्रिटनमधली सर्वांत लांब.

तर लिफर्ड. लॉर्ड मेथुएन यांनी हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये या पुलाबद्दल प्रश्न विचारला. उत्तर मिळालं, की कुणी जाण्याची सूचना दिली तर पूल केव्हाही उचलून देऊ. असली सरकारी उत्तरं द्यायची असतात ती कुणी तपासायला येणार नाही या भरवशावर. रोल्टनी सूचना दिली. २० मे १९४७ ला क्रेसी पुलापाशी हजर, वार्ताहर हजर, आणि रेल्वेचे कामगार जॅक घेऊन हजर. पूल उचलला, बोट खालून सरकली. पुढचा कालवा इतका गाळाने आणि वेलींनी भरलेला, की त्यात मजा म्हणावी असं काही नसणार. पण छायाचित्रं छापून आली, आणि पुढे तिथे पुन्हा हलता पूल बसवावा लागला. कालवा वाचवायचा तर त्यातून बोट न्यायची. बोट अडली तर कायद्यावर बोट ठेवायचं. एवढं साधं हत्यार, पण ते आधी कुणी उपसलं नव्हतं.

या मोहिमेमागे एक संघटना होती, आणि मला सगळ्यांत जास्त गुंतवलं ते तिच्या आतल्या माणसांनी. रॉबर्ट आइकमन हे लंडनचे, नाटक-ऑपेरात रमणारे गृहस्थ. रोल्टचं पुस्तक वाचून त्यांनी पत्र लिहिलं, १९४५ च्या ऑगस्टमध्ये टार्डबिगला येऊन भेटले, आणि १९४६ च्या आरंभी गॉवर स्ट्रीटवरच्या त्यांच्या घरात इनलँड वॉटरवेज असोसिएशन उभी राहिली. आइकमन अध्यक्ष, कालव्यांचे इतिहासकार चार्ल्स हॅडफील्ड उपाध्यक्ष, रोल्ट मानद सचिव. कचेरीचं काम बघायला पुढे एलिझाबेथ जेन हॉवर्ड आली, नंतरची नामवंत कादंबरीकार.

आता गंमत पाहा. रोल्ट भयकथा लिहीत; त्यांचा 'स्लीप नो मोअर' हा संग्रह १९४८ चा, आणि त्यातल्या एका कथेतलं भूत कालव्यावरचं. आइकमन तर पुढे विसाव्या शतकातले मोठे भयकथाकार ठरले, १९७५ चा वर्ल्ड फँटसी पुरस्कार त्यांना मिळाला. आणि हॉवर्ड-आइकमन यांचा भयकथांचा संयुक्त संग्रह १९५१ ला निघाला, त्यात हॉवर्डची 'थ्री माइल्स अप' आहे: बोटीवरचे दोन मित्र, वाटेत भेटलेली मुलगी, आणि नकाशात नसलेला एक फाटा. लॉक, टोल आणि रेल्वे कायदा यांवर ठराव करणाऱ्या समितीत तीन भयकथाकार! बंद पडलेला कालवा ज्यांना निव्वळ गाळ वाटत नाही, अशीच माणसं त्याच्यासाठी भांडायला निघणार, असं आपलं मला वाटतं.

भांडण बाहेर झालं तसं आतही झालं. आइकमन यांचा हट्ट होता, की प्रत्येक कालव्याचा प्रत्येक मैल वाचलाच पाहिजे. एकावर पाणी सोडलं की सरकार बाकीचेही गिळेल. रोल्ट आणि हॅडफील्ड यांचं म्हणणं, सगळं मागाल तर काहीच मिळणार नाही; जिथे मालबोटी अजून चालतायत ते कालवे आधी धरा, कारण त्यांवर कुटुंबं जगतायत. १९५० च्या ऑगस्टमध्ये मार्केट हार्बरोला बोटींचा मोठा मेळावा भरला तोवर दोघांचं पार फाटलं होतं. १९५१ मध्ये धोरण मान्य नसणाऱ्यांना आइकमननी संघटनेबाहेर काढलं, आणि ज्याच्या पुस्तकातून ती जन्मली त्या रोल्टचं नाव त्या यादीत होतं. त्याच वर्षी रोल्टनी क्रेसी सोडली. अँजेलाही गेली, बिली स्मार्टच्या सर्कशीत. रोल्ट वेल्समधली टॅलिलिन ही छोटी रेल्वे वाचवायला गेले आणि तिथेही जगाला नवा धडा घालून दिला. आइकमन माणूस म्हणून मला कधीच आवडले नाहीत. हुकूमशाही वृत्ती पानापानातून दिसते. पण नकाशा उघडला की मान्य करावं लागतं, त्यांच्या हट्टाने जेवढे मैल वाचले तेवढे रोल्टच्या समंजसपणाने वाचले नसते.

पुरावा त्याच स्ट्रॅटफर्ड कालव्याच्या दक्षिण भागाचा. शेक्सपिअरच्या आईचं गाव विल्मकोट, तिथे वॉरिकशर कौंटी कौन्सिलला पूल नव्याने बांधायचा होता. कालवा नसता तर काम स्वस्तात झालं असतं. १९५८ मध्ये कौन्सिलने कालवा रीतसर बंद करण्याची परवानगी मागितली. कारण दिलं, की तीन वर्षांत इथून एकही बोट गेलेली नाही. आणि मग एक कागद पुढे आला: टोलची पावती. दोघे हौशी कनू घेऊन तिथून गेले होते, त्यांनी टोल भरला होता आणि पावतीवर तारीख होती. कनू ही काही मालबोट नव्हे, पण टोल घेतला म्हणजे वाहतूक झाली! पुढच्या वर्षी परवानगी नाकारली गेली. कालवा नॅशनल ट्रस्टने भाडेपट्ट्याने घेतला, डेव्हिड हचिंग्ज या वास्तुविशारदाने जवान, स्वयंसेवक आणि तुरुंगातले कैदी यांना हाताशी धरून तो उपसला, आणि जुलै १९६४ मध्ये राजमातेच्या हस्ते तो पुन्हा खुला झाला. ती दोन माणसं पावती जपून ठेवणारी निघाली नसती तर? मी स्वतः टोलच्या पावत्या गाडीतून उतरण्याआधी चुरगळतो.

या सगळ्या विजयात एक हरलेली बाजू आहे आणि ती बहुतेक पुस्तकांत शेवटच्या प्रकरणात उरकली जाते. दहाएक फूट लांब आणि सात फुटांहून कमी रुंद केबिनमध्ये संसार करणारी बोटवाल्यांची कुटुंबं. सोनिया ही मूळची नटी, युद्धात बायकांना मालबोटींवर कामाला घेतलं तेव्हा आली, जॉर्ज स्मिथ या बोटवाल्याशी लग्न करून तिथेच राहिली, आणि संघटनेत या लोकांची बाजू मांडत राहिली. फुटीत ती रोल्टच्या बाजूला होती. पुढे तिने रोल्टशीच लग्न केलं. तिचं फारसं कुणी ऐकलं नाही. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठले, आणि त्याच वर्षी सरकारी मंडळाने आपल्या बहुतेक मालबोटी बंद केल्या. अॅदरस्टोनहून साउथॉलच्या जॅम कारखान्याला कोळसा नेणारी शेवटची नियमित लांब पल्ल्याची फेरी १९७० च्या ऑक्टोबरात थांबली. साउथॉल आपल्याला ठाऊक आहे ते पंजाब्यांचं म्हणून. त्याच्या कडेने ग्रँड युनियन कालवा जातो.

आता कालव्यांवर सुट्टीच्या बोटी आहेत, आणि घरभाडं परवडत नाही म्हणून पाण्यावर राहायला आलेले लोकही, विशेषतः लंडनमध्ये. भांडणही आहे. १९९५ च्या कायद्यानुसार ज्याच्याकडे कायमचा धक्का नाही त्याने खरोखरीचा जलप्रवास करत राहिलं पाहिजे, एका जागी साधारणपणे चौदा दिवसांच्या वर थांबायचं नाही. एप्रिल २०२४ पासून अशा बोटींवर परवान्याचा अधिभारही बसला. ज्या प्रवासाच्या हक्काने लिफर्डचा पूल उचलला गेला, त्याच प्रवासाची सक्ती आता गरीब बोटवाल्याला हलवत ठेवते. कालव्यांची व्यवस्था पाहणाऱ्या ट्रस्टचीही अडचण खरी आहे, जुनी लॉक दुरुस्त करायला पैसा लागतो. पण तो आधी कुणाच्या खिशातून काढायचा, यावर माझी सहानुभूती कुठे आहे ते वाचकांनी ओळखलं असेल. टार्डबिगला पाच वर्षं मुक्काम ठोकणाऱ्या रोल्टनी आज भाड्याचा धक्का घेतला नसता, तर पंधराव्या दिवशी क्रेसीच्या काचेवर नोटीस लागली असती.