काळ्या कोटाची चौकशी

'आमच्या वकिलाने केस हरवली, सबब त्यांची सनद रद्द व्हावी.' वकिलांविरुद्धच्या तक्रारअर्जांत हे वाक्य या ना त्या रूपात सतत वाचायला मिळते. त्यामागचे दुःख खरे असते. जमीन गेलेली असते, भावाभावांत कायमचे वैर आलेले असते, दहा-पंधरा वर्षांच्या तारखांत उमेद संपलेली असते. पण दाव्याला दोन बाजू असतात आणि त्यातली एक हरणारच. वकिलाचा युक्तिवाद पटला नाही, एखादा साक्षीदार तपासायचा राहिला, अपिलाचा सल्ला चुकला, एवढ्यावरून गैरवर्तन सिद्ध होत नाही. साधी चूक आणि अप्रामाणिकपणा यांत सर्वोच्च न्यायालयाने कायम फरक केला आहे. तो फरक कागदपत्रांतून शोधणे हेच चौकशी करणाऱ्याचे काम.

मी जिल्हा न्यायालयात दिवाणी कामे चालवते. बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीवर बाहेरून घेतलेली सदस्य म्हणूनही काम केले. ही समिती तिघांची असते. दोन कौन्सिलचे निवडून आलेले सदस्य आणि एक बाहेरचा अनुभवी वकील. वकिलांची चौकशी वकिलांनीच करायची, अशी 1961 च्या अधिवक्ता कायद्याची योजना आहे. आपल्याकडची कौन्सिल महाराष्ट्र आणि गोव्याबरोबर दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीतल्या वकिलांचीही नोंद ठेवते. तक्रार आली की आधी वकिलाचे म्हणणे मागवतात. कलम 35 प्रमाणे गैरवर्तन झाले असे मानायला कारण दिसले, तरच प्रकरण समितीकडे जाते. समिती तक्रार फेटाळू शकते, समज देऊ शकते, काही काळासाठी सनद निलंबित करू शकते किंवा वकिलाचे नाव यादीतून कायमचे काढू शकते.

एका विधवेची तक्रार सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. नवरा ट्रकच्या धडकेत गेला. मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा लागला आणि जिंकला. विमा कंपनीने भरलेली रक्कम बाईंच्या नावावर जमा झाली. खाते उघडायला वकीलसाहेबच बँकेत घेऊन गेले होते. पासबुक आणि चेकबुक 'हरवेल' म्हणून त्यांनी स्वतःकडे ठेवले आणि काही कोऱ्या चेकवर सह्या घेतल्या. पुढे मुलीच्या फीसाठी बाई बँकेत गेल्या, तेव्हा जवळपास चाळीस टक्के रक्कम आधीच निघालेली होती.

बाईंनी सगळे कागद एका पिशवीत कोंबून आणले होते. पावती एकही नव्हती. अशा वेळी चौकशी तारखांवर चालते. रक्कम काढण्याचा अर्ज कोणत्या दिवशी दिला, रोजनाम्यात काय नोंद आहे, न्यायालयाने रक्कम कधी वर्ग केली, खातेउतारा काय सांगतो. हे चार कागद शेजारी ठेवले आणि चित्र उभे राहिले. पैसे जमा झाल्यावर तिसऱ्याच दिवशी चेक वटले होते. समितीला साक्षीदार बोलावण्याचे आणि कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, म्हणून बँकेकडून मूळ चेक आले. रक्कम आणि तारीख बाईंच्या अक्षरात नव्हती.

वकिलाने प्रतिज्ञापत्रात लिहिले: रकमेच्या चाळीस टक्के फी तोंडी ठरली होती, अर्जदाराने ती स्वखुशीने दिली. उलटतपासात बाईंना एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला गेला, सही तुमचीच ना? त्या म्हणाल्या, "माझीच. साहेब म्हणाले म्हणून केली." बचाव भक्कम वाटत होता, पण खरे तर तीच कबुली होती. दाव्याच्या निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायला किंवा मिळणाऱ्या रकमेत हिस्सा घ्यायला बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाला मनाई आहे. पक्षकाराच्या पैशाचा हिशेब ठेवणे आणि त्याच्या वतीने पैसे मिळाले की त्याला लवकरात लवकर कळवणे, हीही नियमाने घातलेली बंधने आहेत. अपघाताच्या आणि भूसंपादनाच्या दाव्यांत टक्केवारीची बोली इतकी रुळली आहे की, पुष्कळ पक्षकारांना ती कायदेशीरच वाटते. ती नाही.

सनद निलंबित झाली. निकाल ऐकल्यावर बाईंनी विचारले, "आणि माझे पैसे?" या प्रश्नाला कलम 35 मध्ये उत्तर नाही. समिती शिक्षा देते, कामकाजाचा खर्च देववू शकते, पण बुडालेली रक्कम वसूल करून देण्याचा अधिकार तिला नाही. त्यासाठी वेगळा दिवाणी दावा लावायचा, नाहीतर विश्वासघाताची फौजदारी फिर्याद द्यायची. म्हणजे एका वकिलाने फसवलेल्या बाईने दुसरा वकील शोधायचा. मला हा या कायद्यातला सर्वांत मोठा दोष वाटतो. 1978 मध्ये तमिळनाडूतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने यावर वाट काढली होती. एका वकिलाने एका वृद्ध, बहिऱ्या माणसाकडून पैसे घेतले, दावा दाखलच केला नाही आणि तो चालू आहे असे सांगत राहिला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निलंबनाचा काळ कमी केला, पण वर्षभर तमिळनाडूच्या राज्य कायदेसाहाय्य मंडळासाठी विनामूल्य काम करण्याची आणि नुकसान झालेल्याला पैसे देण्याची अट घातली. साडेचार दशके झाली, तरी ती वाट कायद्यात आलेली नाही.

दाखलच न केलेल्या दाव्यांच्या तक्रारी आजही येतात. पक्षकार तारखेला येतो, व्हरांड्यात बसतो. साहेब बाहेर येऊन पुढची तारीख सांगतात. कित्येक वर्षांनी कळते की त्या नंबरचा दावाच नाही. हे पूर्वी फार काळ लपायचे. आता प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो आणि ई-कोर्टच्या ॲपवर तारीख, टप्पा, आदेश दिसतात. तो क्रमांक द्यायला वकील टाळाटाळ करत असेल, तर तिथेच सावध व्हावे. अशा तक्रारीत मोबाइलवरचे निरोप मोलाचे ठरतात, पण नुसते स्क्रीनशॉट चिकटवून भागत नाही. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र लागते. ते नसल्याने चांगल्या तक्रारी दुबळ्या होताना मी पाहिल्या आहेत.

फाइल अडवून ठेवणे हा आणखी एक प्रकार. 'आधी उरलेली फी, मग कागद.' भोपाळच्या एका सहकारी बँकेच्या वकिलाने असेच केले होते. फी थकली म्हणून पक्षकाराच्या फायलींवर वकिलाला ताबा सांगता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात 2000 साली स्पष्ट केले. फीसाठी वकिलाने दावा करावा. कागद पक्षकाराचे आहेत आणि ते मागताच परत करायला हवेत.

मात्र हे वकील आणि पक्षकाराचे खासगी भांडण नव्हे, हे दोघांनाही नीट उमगत नाही. चौकशी सुरू झाली की मध्यस्थ येतात, तडजोड होते आणि तक्रारदार 'आता माझी काही तक्रार नाही' अशी पुरसीस देतो. पण तडजोड झाली किंवा तक्रारदाराने माघार घेतली, एवढ्याच कारणावरून चौकशी बंद करता येत नाही, असा नियमच आहे. या विचाराचे मूळ मुंबईतल्या एका जुन्या प्रकरणात सापडते. फौजदारी न्यायालयाच्या दारात उभे राहून काही वकील येणाऱ्या पक्षकारांना ओढत, कामासाठी एकमेकांशी झटापटही करत. राज्य कौन्सिलने त्यांच्यावर कारवाई केली, बार कौन्सिल ऑफ इंडियाने त्यांना सोडून दिले. मग राज्य कौन्सिलला त्याविरुद्ध अपील करता येते का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठापुढे आला. येते, असा निर्णय 1975 मध्ये झाला, कारण कौन्सिल ही व्यवसायाच्या प्रतिष्ठेची आणि लोकहिताची राखणदार आहे. प्रत्येक समिती सदस्याने हा निर्णय वाचून मगच खुर्चीत बसावे, असे मला वाटते.

खोट्या तक्रारींबद्दलही तितक्याच स्पष्टपणे बोलले पाहिजे. पोटगीच्या, कौटुंबिक हिंसाचाराच्या, भाऊबंदकीच्या दाव्यांत समोरच्या पक्षाच्या वकिलावर तक्रार ठोकायची, म्हणजे तो बिचकून वकालतनामा सोडेल, हा डाव सर्रास खेळला जातो. अशा तक्रारीत 'वकिलाने माझ्याविरुद्ध खोटे लिहिले' याखेरीज काहीच नसते. वकील पक्षकाराच्या सांगण्यावरून त्याचे म्हणणे मांडतो. ते खोटे ठरले म्हणून वकील दोषी ठरत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका तक्रारीवरून आपल्या राज्य कौन्सिललाच 50,000 रुपये खर्च भरायला लावला. तक्रारदार आणि वकील यांच्यात व्यावसायिक नाते नव्हते, तरी तक्रार समितीकडे पाठवली गेली होती. प्रकरण पुढे पाठवताना कारणे नोंदवायला हवीत, हे न्यायालयाने बजावले. मला हा निर्णय योग्य वाटतो. निराधार तक्रारींत समितीचा जो वेळ जातो, तो त्या विधवेच्या वाट्याचा असतो. शिवाय सनदीवर घाला पडला की घराची चूलच बंद होते, म्हणून आरोप संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो.

वेळेचा प्रश्न सर्वांत बिकट. राज्याच्या समितीने तक्रार एका वर्षात निकाली काढायची असते. नाही निघाली तर ती बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे, म्हणजे दिल्लीच्या अखत्यारीत जाते. वर्षाची ही मर्यादा पाळा, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये सर्व कौन्सिलांना पुन्हा सांगितले. पण समितीच्या सदस्यांचे स्वतःचे बोर्ड असते, आणि समितीच्या हाताशी तपासासाठी पूर्णवेळ माणूस नसतो. अमेरिकेत अनेक राज्यांत केवळ वकिलांविरुद्धच्या तक्रारी तपासायला पगारी वकील नेमलेले असतात. पक्षकाराचा पैसा वेगळ्या विश्वस्त खात्यात ठेवावा लागतो आणि वकिलाने तो खाल्ला तर भरपाई देणारा निधीही असतो. इंग्लंडमध्ये सॉलिसिटरांचा तपास एक संस्था करते आणि गंभीर प्रकरणांचा निवाडा वेगळे न्यायाधिकरण देते. आपल्याकडे किमान तपासणारे वेगळे आणि निर्णय देणारे वेगळे असावेत, ही मागणी वकिलांनीच लावून धरायला हवी.

कारण दुसरा दरवाजा आता बंद झाला आहे. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 14 मे 2024 रोजी दिला. कायद्याच्या दृष्टीने तो पटण्यासारखा आहे, पण त्यामुळे शिस्तपालन समितीवरची जबाबदारी दुप्पट झाली आहे.

म्हणून वाचकांना कळकळीची विनंती. वकिलाला दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती मागा. शक्यतो पैसे बँकेतूनच द्या. पावती मागितल्याने चांगला वकील रागावत नाही. वकालतनाम्यावर सही करण्याआधी तो भरलेला आहे ना, ते पाहा. कोऱ्या कागदावर किंवा चेकवर सही करू नका, समोर कोणीही असो. प्रकरणाचा क्रमांक स्वतःच्या वहीत लिहून ठेवा आणि दिलेल्या कागदांची झेरॉक्स घरी ठेवा. गैरवर्तन झालेच, तर काय घडले ते तारीखवार लिहा, प्रत्येक मुद्द्याला कागद जोडा आणि सत्यापन करून सही करा. वकिलावरचा राग अर्जात ओतू नका, त्याने मुद्दा झाकला जातो. अर्ज इंग्रजीतच हवा म्हणून कोणी अडवले, तर ऐकू नका. नियमाप्रमाणे तक्रार मराठीत करता येते, आणि प्रकरण दिल्लीला गेले तर तिचे इंग्रजी भाषांतर करून देणे ही राज्य कौन्सिलची जबाबदारी आहे.