लव्हाळा काढा, हरळी पेरा

लव्हाळ्याची गाठ नखाने खरवडली की नागरमोथ्याचा वास येतो. उटण्यातला नागरमोथा याच कुळातला, त्यामुळे नाक फसत नाही. डोंबिवलीत, एमआयडीसीच्या निवासी भागातल्या मिलापनगरात, मे महिन्याच्या भर दुपारी हा वास यावा याचंच मला नवल वाटलं. इथल्या हवेला एरवी जे वास येतात ते उटण्याच्या जवळपासचेही नसतात. एका बंगल्यामागे जमीन उलथी टाकलेली होती, गोणपाटावर काळ्या गाठींचा ढीग होता आणि मामा उकिडवे बसून ढेकळं फोडत होते. काकूंना मागच्या अंगणात लॉन हवं होतं. जुनं होतं, पण त्यात गवत कमी आणि लव्हाळाच जास्त झाला होता.

मामा मलंगगडाच्या पायथ्याकडचे. घरची भातशेती आहे, उरलेल्या दिवसांत डोंबिवलीतल्या बंगल्यांच्या बागा बघतात. खणणं टिकाव-फावड्याने झालं होतं, पण खरं काम बोटांचं होतं. ढेकूळ चुरायचं, काळा दोरा दिसला की थांबायचं. ओढायचा नाही. दोऱ्याच्या मागोमाग खुरप्याने माती मोकळी करत जायचं, मग टोकाला गाठ, तिथून पुढे आणखी दोरा, आणखी गाठ. ओढला तर दोरा तुटतो आणि गाठ खालीच राहते.

"एक राहिली की शंभर," मामा म्हणाले.

मला ती बोलायची रीत वाटली. घरी येऊन वाचलं तर अतिशयोक्ती नव्हती. अनुकूल हवेत एका गाठीपासून तीन-चार महिन्यांत शंभराच्या आसपास गाठी होऊ शकतात. लेरॉय होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 साली जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांवर जो जाडजूड ग्रंथ काढला, त्यात लव्हाळा पहिल्या नंबरावर आहे. आणि दुसऱ्या नंबरावर? हरळी.

गंमत इथेच आहे. काकूंच्या मुलाने ऑनलाइन मागवलेलं बी होतं बर्म्युडा ग्रासचं. बर्म्युडा म्हणजे हरळी, आपल्या गणपतीच्या दूर्वा. म्हणजे पहिल्या नंबरचं तण मजुरी देऊन काढायचं आणि दुसऱ्या नंबरचं पैसे देऊन पेरायचं. मामांना हे सांगितलं तेव्हा ते मुळीच चकित झाले नाहीत. "आमच्याकडं ती बांधावरून खाचरात शिरली की शिव्या घालतो आम्ही तिला," एवढंच म्हणाले आणि पुढचं ढेकूळ उचललं.

गाठी वेचून झाल्यावर माती उन्हात तापू द्यायची, पुन्हा उलटायची, पुन्हा वेचायचं. लव्हाळ्याला वाळवूनच मारावं लागतं. मामांच्या मते यावर राब भाजला असता तर उरलेल्या तणाचं बीही जळालं असतं. ठाणे जिल्ह्यात भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, पाला, टहाळ पसरून जाळायची ही रीत जुनी. 1885 साली मुंबई सरकारने नेमलेल्या जंगल कमिशनपुढेही राबासाठी टहाळ तोडायच्या हक्काचं गाऱ्हाणं होतं. काकू नको म्हणाल्या. शेजारी धुराची तक्रार करतील. 2014 साली हिरवा पाऊस पाहिलेल्या आणि 2020 मध्ये रस्ता गुलाबी झालेल्या गावात पालापाचोळ्याचा धूर चालत नाही! मामा हसले नाहीत, मी हसलो.

मग लाल माती, शेणखत, थोडी रेती. हे सगळीकडे सारखंच.

अडलं ते उताराशी. भाताच्या खाचरात पाणी उभं राहावं म्हणून जमीन तळहातासारखी सपाट करतात. मामांची सगळी हयात त्यात गेलेली. लॉनला नेमकं उलट हवं. घराच्या भिंतीपासून बाहेर, दहा फुटांना दोन इंच उतार, नाहीतर कोकणच्या पावसात मुळं कुजतात. फळी फिरवताना त्यांचा हात पुन्हा पुन्हा सपाटीकडेच जायचा. शेवटी गवंड्याची पाणी भरलेली नळी आणली, दोन टोकं धरली, आणि मामा स्वतःशीच म्हणाले, "पाणी घालवायला जमीन करायची. बरं."

बी पेरण्याच्या ते विरुद्धच होते. हरळीचा दाणा इतका बारीक की किलोला चाळीस लाखांच्या घरात भरतो. चारशे चौरस फुटांना पाव किलो पुरतं. मृगाची पहिली जोरदार सर आली की हे सगळं गटारात, असं त्यांचं म्हणणं. ठोंब लावावेत, तेच धरतात. इकडे लॉन बहुधा तसंच करतात, नाहीतर नर्सरीतून तयार गवताच्या लाद्या आणून अंथरतात. पण पाकीट आलेलं होतं. मग त्यांनी बी बारीक रेतीत कालवलं, अर्धं लांबीच्या बाजूने फोकलं, अर्धं आडवं. मूठ उघडते आणि मिटते यात मनगट कुठेही अडत नव्हतं. वर दंताळं उलटं फिरवलं, इतकं हलकं की दाणा जेमतेम मातीआड जावा; खोल गेला तर तो उगवत नाही. भाताची धूळवाफेवरची पेरणी ज्यांनी केली आहे त्यांना मूठ शिकवावी लागत नाही, आणि बंगल्यांच्या लॉनची बरीचशी शोभा या फुकट मिळालेल्या शिक्षणावर उभी आहे असं माझं मत झालं. मजुरी मात्र दिवसाच्या हिशेबानेच मिळते.

वर हिरवी जाळी अंथरून बांबूच्या खुंट्या मारल्या. तरी पहिल्या मोठ्या पावसात उताराकडचा कोपरा धुऊन गेलाच. मामांनी एका शब्दानेही आठवण करून दिली नाही. रस्त्याकडेची हरळी खुरप्याने काढली, वीत-वीत काड्या तोडल्या आणि त्या कोपऱ्यात टोचल्या. जूनअखेरीला पेरलेल्या भागात केसासारखे कोंब होते, टोचलेला भाग त्याच्या पुढे गेला होता. दोन्हींच्या मधून लव्हाळ्याची तीन धारांची, गडद, तुकतुकीत पातीही उभी होती. "शंभरातली," मामा म्हणाले. काकूंना वाटलं ते गवतच छान वाढतंय.

आता रोज येऊन एकेक काढायला हवा होता. पण गावाकडे आवणी सुरू होत होती. पंधरा दिवस येणार नाही, असं मामांनी सांगितलं. काकू म्हणाल्या, लॉनचं काय? दुसरा कोणी पाठवा. मामा म्हणाले, या दिवसांत दुसराही शेतातच असतो, काकू.