धरणावरची मोजपट्टी, फोनमधली फाइल
भाटघरला येसाजी कंक जलाशयाची पातळी समजायला धरणाच्या दरवाजांची यंत्रणा उघडून पाहावी लागत नाही. मोजपट्टीवरचा आकडा वाचला की झाले. लिनक्स या संगणकाच्या कार्यप्रणालीत अशी मोजपट्टी म्हणजे फाइल.

बॅटरी, पंखा, तापमापक अशा उपकरणांशी बोलणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. त्याच्याकडची माहिती बाहेर कशी आणायची? 2003च्या अखेरीस आलेल्या लिनक्स 2.6मध्ये पॅट्रिक मोशेल यांनी घडवलेली ‘सिसएफएस’ ही व्यवस्था होती. तिच्यातल्या फाइली डिस्कवर नसतातच. ‘टेंप’ नावाची फाइल वाचायला घेतली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याच क्षणी ड्रायव्हरला विचारतो आणि हाती येतो आकडा: 42000. हे मोजमाप अंशाच्या हजाराव्या भागात, म्हणजे 42 अंश सेल्सिअस. काही फाइलींत लिहिताही येते. आकडा बदलला की पडद्याचा उजेड बदलतो.

एका फाइलीत शक्यतो एकच मूल्य, हा दंडक मला फार मोलाचा वाटतो. त्यामुळे नवख्या विद्यार्थ्यालाही फाइलीतला मजकूर दाखवणाऱ्या साध्या ‘कॅट’ आदेशाने यंत्राची नाडी पाहता येते.

अँड्रॉइड फोनही लिनक्स कर्नलवरच चालतात. भोरच्या एसटीत बसून तुम्ही बॅटरीचा टक्का पाहता, तो अशाच एका फाइलीतून आलेला असतो.